साखर रक्तात, पडदा डोळ्यात

विजापूर रस्त्यावरच्या मंद्रूपला एका नेत्रतपासणी शिबिरात साठीच्या घरातले एक शेतकरी माझ्यासमोर येऊन बसले. "डाव्या डोळ्यातला मोतीबिंदू पिकलाय, काढून टाका," म्हणाले. पाहिलं तर भिंग बऱ्यापैकी स्वच्छ. थेंब घालून बाहुली मोठी केली, आत डोकावलो, तर मागचा पडदाच जागेवरून उचललेला. साखरेचं विचारलं. "ती आहे की बारा वर्षं. पण ती रक्तात आहे डॉक्टर, डोळ्यात कुठं?"

आजचं माझं बोलणं म्हणजे मामांच्या या प्रश्नाचंच उत्तर.

आपल्याकडे मोतीबिंदूलाही 'पडदा आला' म्हणतात, तिथूनच घोटाळा सुरू होतो. मी म्हणतोय तो पडदा डोळ्याच्या आत, अगदी मागे असतो. जाडी जेमतेम पाव मिलिमीटर. चित्र उमटतं ते त्याच्यावर. त्याच्या पाठीमागच्या थरातून त्याला रक्ताचा पुरवठा होतो. पडदा त्या थरापासून सुटला की उपाशी पडतो आणि हळूहळू निकामी होतो. कधी त्याला भोक पडून तो सुटतो. भोक बुजवलं तर पडदा बसतो, हे स्वित्झर्लंडमधल्या ज्यूल्स गोनँ यांनी शंभरेक वर्षांपूर्वी दाखवून दिलं. तोवर रुग्णाला डोकं न हलवता पडून राहायला सांगण्यापलीकडे फारसं काही हाती नव्हतं.

मधुमेहात मात्र बहुधा भोक नसतं, ओढ असते. वर्षानुवर्षं साखर चढी राहिली की पडद्यातल्या बारीक रक्तवाहिन्या झिरपतात, बुजतात. रक्त कमी पडलं म्हणून नव्या वाहिन्या फुटतात, पण त्या कच्च्या. त्यांच्याभोवती जाळी धरते, ती आवळत जाते आणि पडद्याला ओढून उचलते. हे सगळं होताना दुखत नाही. मधला भाग उचलेपर्यंत माणूस पेपरही वाचतो. "दिसतंय की, मग कशाला दाखवायचं?" हा हिशेब इथेच चुकतो.

रक्तदाबाची गोष्ट वेगळी. गरोदरपणी दाब फार चढला तर पडद्याच्या मागे पाणी साचून तो फुग्यासारखा उचलला जातो. पायावर सूज, डोकेदुखी आणि नजर अंधूक, असं कुणा लेकीसुनेला झालं तर डोळ्याच्या थेंबांच्या मागे लागू नका. त्याच दिवशी दवाखान्यात नेऊन आधी दाब मोजा. बाळ-बाळंतिणीच्या जिवाचा प्रश्न असतो. डोळ्यापुरतं बोलायचं तर बाळंतपणानंतर हा पडदा बहुधा काही आठवड्यांत आपोआप बसतो, शस्त्रक्रिया लागत नाही. मूत्रपिंडाचा विकार किंवा शरीरात दुसरीकडे झालेला कॅन्सर यांमुळेही असं पाणी साचू शकतं. विदर्भातल्या सिकलसेलच्या रुग्णांत पुन्हा मधुमेहासारखीच ओढ दिसते.

म्हणून मधुमेह कळला त्याच वर्षी बाहुली मोठी करून पडदा तपासून घ्यावा आणि पुढे दरवर्षी. चष्म्याचा नंबर काढला म्हणजे पडदा तपासला असं नव्हे. अचानक काळे ठिपके उडू लागले, वीज चमकल्यासारखं झालं, किंवा एका बाजूने सावली सरकत आली, तर बाजाराच्या वाराची वाट पाहू नये.

मामांच्या डाव्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली. पडदा बसला, पण उशीर झाला होता. त्या डोळ्याला समोरच्या हाताची बोटं मोजता येतात, तेवढंच. उजव्यातही नव्या वाहिन्या फुटल्या होत्या, त्या लेसरने वेळीच आवरल्या. त्याच डोळ्यावर ते आज शेतात एकटे जातात.

थेंब घातल्यावर चार-पाच तास अंधूक दिसतं, तेव्हा तपासणीला मोटारसायकल चालवत येऊ नका, हेही मी त्यांना सांगून ठेवलं होतं. पुढच्या खेपेला ते एसटीने आले. सोबत मामी होत्या. त्यांनाही साखर आहे, सात वर्षांपासून, आणि डोळे एकदाही दाखवले नव्हते.