तुला कमी काय आहे?

आम्ही लासुर्ण्याच्या बचत गटातल्या बाया. मागच्या महिन्यात हप्ते गोळा करून झाल्यावर आम्ही मिळून ‘कासव’ सिनेमा बघितला. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा. २०१६ सालचं सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं सुवर्णकमळ मिळालेला.

जगणं नकोसं झालेल्या एका तरुण पोराला जानकी नावाची बाई कोकणात, समुद्राकाठच्या घरी घेऊन जाते. ती स्वतःही नैराश्यातून गेलेली. तो गप्प राहतो, चिडतो. ती खोदून काही विचारत नाही. नुसती सोबत राहते.

आमच्यातली एक म्हणाली, “एवढे लाड केले तर पोर डोक्यावर बसंल.” सगळ्या हसलो. एक मात्र हसली नाही. तिची लेक अकरावीला. (तिला आणि लेकीला विचारूनच सांगतोय.) दिवाळीपासून पोरगी कॉलेजला जाईना, केस विंचरीना, जेवायला हाक मारली की अंगावर येई. घरात कुणी आळशी म्हणालं, कुणी मोबाइलला दोष दिला. आजीनं दृष्ट काढली. चुलते म्हणाले, स्थळ बघा. “आणि मी रोज एकच विचारायचे, तुला कमी काय आहे?” एवढं बोलून ती रडायला लागली.

खरं सांगायचं तर जानकीचं सोपं आहे. ती परकी. तिला भावकीला उत्तर द्यायचं नाही, सकाळी उसात खुरपायला जायचं नाही. आईचं तसं नसतं.

पण या वयात नैराश्य रडण्याऐवजी चिडचिडीतूनही दिसू शकतं, हे आम्हाला कुठं ठाऊक होतं? दोन आठवडे असंच चाललं तर डॉक्टरांना दाखवायचं. मरणाचा विषय काढला तर पोर तसंच करील, ही भीतीही खोटी. मनात शंका आली तर सरळ, मायेनं विचारावं. १४४१६ हा टेलिमानसचा सरकारी फोन मोफत आहे, रात्रीसुद्धा लागतो.

त्या आईनं प्रश्न विचारणं बंद केलं. रोज संध्याकाळी भाजी निवडायला लेकीच्या खोलीत बसायला लागली. चौथ्या दिवशी पोरगी भिंतीकडं तोंड करूनच म्हणाली, “आई, मला रात्रभर झोप येत नाही गं.”

सोमवारी दोघी एसटीनं बारामतीला डॉक्टरांकडं गेल्या. चुलत्यांना सांगितलं, कापड घ्यायला चाललोय.