संपूर्ण मुखपुनर्रचना
पंचवटीतील कर्मवीर भाऊसाहेब हिरे दंत महाविद्यालयासारख्या संस्थांत होणारा संपूर्ण मुखपुनर्रचनेचा उपचार केवळ सौंदर्यासाठी नसून, वर्षानुवर्षे मिश्री घासल्याने, झोपेत दात खाण्याच्या सवयीने, अपघाताने किंवा दंतवल्काच्या जन्मजात दोषाने ज्यांचे दात इतके झिजले वा गळाले आहेत की घास नीट चावता येत नाही, त्यांना चर्वणशक्ती परत मिळवून देण्यासाठी असतो. प्रथम हिरड्यांच्या रोगाचा बंदोबस्त, मग क्ष-किरण चित्रे व जबड्यांचे साचे. दातांवर तात्पुरत्या टोप्या काही आठवडे वापरून पाहिल्याखेरीज कायमच्या बसविणे मला तरी घाईचे वाटते. गळालेल्या दातांच्या जागी जबड्यात बसविलेले रोपण हाडाशी एकजीव होण्यास बहुधा ३ ते ६ महिने लागतात. मधुमेह्यांनी रक्तशर्करा आधी आटोक्यात आणावी. एखादाच दात पडलेल्यांना मात्र एवढ्या खटाटोपाची जरुरी नाही.