नबाब आणि नेबॉब



अठराव्या शतकातील इंग्लंडविषयीच्या एका पुस्तकाचे भाषांतर मी करीत होते. त्यात जमीनजुमला खरेदी करणारा एक 'नेबॉब' आला. शब्द आपल्याच घरचा, म्हणून मी 'नबाब' असे लिहून मोकळी झाले. हस्तलिखित वाचणाऱ्या एका स्नेह्यांनी समासात एवढेच विचारले : 'हे नबाब लखनौचे की मुर्शिदाबादचे?' ते कोठलेच नव्हते. ते गृहस्थ अस्सल इंग्रज होते!

१७५७ च्या प्लासीच्या लढाईनंतर कंपनीचे नोकर बंगालमधून गडगंज होऊन मायदेशी परतू लागले. त्यांनी जमिनी घेतल्या, पार्लमेंटमधील जागाही पैशाच्या बळावर मिळविल्या. जुन्या घराण्यांना हे नवे धनिक खुपू लागले आणि 'नेबॉब' ही त्यांची कुचेष्टा झाली. सॅम्युएल फूट याने १७७२ साली याच नावाचे प्रहसन लंडनच्या रंगभूमीवर आणले. त्याच्या दोनच वर्षे आधी, १७७० मध्ये, बंगाल भीषण दुष्काळात होरपळला होता. अशा ठिकाणी मी 'नबाब' लिहिले, तर ज्याच्या खजिन्यातून पैसा गेला तोच मराठी वाचकाला पैसेवाला वाटणार. मग मूळ शब्द ठेवला, आणि तो प्रथम येतो तेथे 'हिंदुस्थानातून धन घेऊन परतलेला इंग्रज' हा खुलासा वाक्यातच गुंफला.

'पॅगोडाचे झाड हलविणे' या वाक्प्रचाराने मला याहून अधिक छळले. येथे पॅगोडा म्हणजे बौद्ध मंदिर नव्हे. दक्षिणेत चालणारे सोन्याचे नाणे, म्हणजे आपला होन. हिंदुस्थानात जाऊन झटपट माया जमविणे, हा अर्थ. मी 'होनांचे झाड हलविणे' असे केले. शिवकालाविषयी वाचलेल्याला होन परका नाही. मात्र झाड हलविले की फळे आपोआप पडतात. ते झाड कोणाच्या परसातले, हे वाक्प्रचार सांगत नाही. एवढ्या विनोदी शब्दांत एवढी मोठी गोष्ट दडविता येते, याचे मला अजून आश्चर्य वाटते.

बाकीचे शब्द त्या मानाने निरुपद्रवी. फ्रान्सिस ग्रोझ याच्या १७८५ च्या बोलीकोशात 'प्लम' म्हणजे एक लाख पौंड. मुंबईत लाखाला 'पेटी' म्हणतात खरे, पण त्या शब्दाला चोरट्या व्यवहाराचा वास आहे, आणि प्लमवाला तर प्रतिष्ठित व्यापारीही असे. तेव्हा मी नुसती रक्कम लिहिली. फळाची गोडी गेली. पैज लावणाऱ्यांचे 'पोनी' म्हणजे पंचवीस पौंड आणि 'मंकी' म्हणजे पाचशे, यांचेही तसेच केले.

त्याच कोशात श्रीमंत माणसाला 'वॉर्म' म्हटले आहे. 'उबदार गृहस्थ' म्हटले तर आपल्याकडे हसे होईल. 'पैशाची ऊब असलेला' असे मी सध्या लिहिले आहे. आपणांपैकी कोणास याहून नेटका शब्द सुचला, तर अवश्य कळवावा. पुस्तक अद्याप छापखान्यात गेलेले नाही.