हललेले फोटो टाकू नका

(रौप्यमहोत्सवी छायाचित्र प्रदर्शनाच्या तयारीसाठी बोलावलेल्या सभेत केलेले भाषण)



प्रदर्शनासाठी घरोघरचे अल्बम ऑफिसात जमा झाले आहेत. पहिल्या काही वर्षांचे सगळे फोटो रोलवर काढलेले. निवड करताना त्यांचे दोन गठ्ठे झाले, एक ‘चांगले’ आणि दुसरा ‘हललेले’. दुसरा गठ्ठा बाद करावा असं बहुतेकांचं मत दिसतं. मला आज त्याच गठ्ठ्याची वकिली करायची आहे.

त्यासाठी आधी शटर समजून घेऊ. फिल्मच्या पुढे एक पडदा असतो. बटण दाबलं की तो ठरावीक वेळ उघडतो आणि मिटतो. तेवढ्या वेळात समोर जे घडलं, ते सगळं एकाच चौकटीत एकावर एक उमटतं. जुन्या एसएलआर कॅमेऱ्याच्या चकतीवर १०००, ५००, २५०, १२५, ६०, ३०, १५ असे आकडे असतात. १२५ म्हणजे सेकंदाचा १२५वा भाग. एक घर वर गेलं की वेळ अर्धी होते आणि प्रकाशही अर्धा, म्हणून लेन्सचं अ‍ॅपर्चर एक घर मोठं करायचं. १०० आयएसओचा रोल आणि लख्ख ऊन असेल, तर एफ १६ ला १२५. त्याच उन्हात १००० हवं असेल तर तीन घरं, म्हणजे एफ ५.६. हा हिशेब बटण दाबण्याआधीच करावा लागे. रोलमध्ये फोटो ३६, आणि काय आलं ते रोल धुऊन आल्यावरच कळणार!

वेगवान शटरची करामत मोठीच आहे. १८७८ साली कॅलिफोर्नियात एडवर्ड मायब्रिज यांनी धावत्या घोड्याच्या वाटेवर बारा कॅमेरे ओळीने लावले. दौडताना एका क्षणी घोड्याचे चारही पाय जमिनीवरून सुटलेले असतात, आणि ते पोटाखाली गोळा झालेले असतात, हे त्या फोटोंनी दाखवून दिलं. तोवर चित्रकार पाय पुढे-मागे ताणलेले काढत. डोळ्याला जे दिसत नव्हतं, ते शटरने दाखवलं.

पण प्रत्येक वेळी १००० लागतंच असं नाही. स्पोर्ट्‌स डेला धावणारी मुलं आपल्या समोरून आडवी जात असतील तर ५०० हवं. तीच सरळ आपल्याकडे येत असतील तर १२५ लाही चालतं. झोका वर टोकाला पोचला की क्षणभर थांबतो. उडीचंही तसंच. तो क्षण साधला तर साधा कॅमेराही पुरतो. आग्फा क्लिक थ्रीला शटरचा वेग एकच होता आणि रोलमध्ये फोटो बारा, तरी त्यावर लोकांनी उड्या टिपल्याच ना?

आता उलट बाजू. पळती स्कूटर १००० ला टिपली तर ती रस्त्यात उभी केल्यासारखी दिसते. तिचा वेग दाखवायचा तर शटर ३० ला आणायचं, पाय घट्ट रोवायचे आणि कमरेतून वळत कॅमेरा स्कूटरबरोबर फिरवायचा. बटण दाबताच एसएलआरचा आरसा वर जातो आणि क्षणभर काहीच दिसत नाही. तरी थांबायचं नाही, फिरवतच राहायचं. चेंडू टाकल्यावर गोलंदाज जागीच थांबतो का? तसंच हे. मग स्वार स्पष्ट येतो आणि मागच्या भिंतीच्या रेघा होतात.

गठ्ठ्यात काही अर्धे काळे फोटोही आहेत. कापडी पडदे असलेल्या बऱ्याच कॅमेऱ्यांत ६० पर्यंतच सगळी चौकट एकदम उघडी असते. त्यापुढे पहिला पडदा पोचण्याआधीच दुसरा निघतो आणि फिल्मवरून फक्त एक फट सरकते. फ्लॅश तेवढ्यात चमकला की फटीपुरताच उजेड पडतो.

म्हणून फोटो बाद करण्याआधी नीट पाहा. सगळंच एका दिशेने ओढल्यासारखं दिसतं? मग हात हलला. ५० एमएम लेन्सने हातात धरून फोटो काढताना निदान ६० लागतं. फक्त माणूस पुसट आणि मागची भिंत स्पष्ट? मग शटर हळू होतं. माणूस स्पष्ट आणि भिंतीच्या रेघा? मग काढणाऱ्याने कॅमेरा बरोबर फिरवलाय, त्याला शाबासकी द्या. रेघा कुठेच नाहीत, नुसतं मऊ दिसतंय? तर फोकस चुकला.

आता पहिल्या विसर्जन मिरवणुकीचा हा फोटो पाहा. संध्याकाळ आहे, फ्लॅश नाही. शटर १५ च्या आसपास असावं. ढोल वाजवणाऱ्या हातांचा पंखा झालाय, लेझीम म्हणजे नुसते चंदेरी पट्टे, गुलालाचा ढग. नाचणाऱ्या एकाचाही चेहरा ओळखू येत नाही. फक्त मधोमध आपले पहिले सचिव मूर्तीकडे बघत उभे आहेत. सगळ्या गर्दीत तेवढेच स्थिर, म्हणून तेवढेच स्पष्ट. आज ते आपल्यात नाहीत. पहिल्या गठ्ठ्यातल्या ग्रुप फोटोतही ते आहेत, दुसऱ्या ओळीत ताठ उभे. पण बाप्पाला निरोप देताना ते कसे दिसत, हे याच फोटोने ठेवलंय. हा फोटो ५०० ला काढला असता, तर नाचणारे सगळेच थिजले असते आणि एकटे तेच थांबलेत हे कळलंही नसतं.

तेव्हा माझी सूचना अशी, की ‘हललेल्या’ फोटोंना प्रदर्शनात एक वेगळी भिंत द्यावी. शक्य असेल त्यांनी नेगेटिव्हही आणावीत. पावसाळी दमटपणाने त्यांना बुरशी लागते, म्हणून ती कोरड्या डब्यात ठेवा आणि फक्त कडेला धरा. प्रिंट फिकट झाली तरी नेगेटिव्हवरून नवी काढता येते. आणि कुणाच्या माळ्यावर जुना कॅमेरा असेल, तर तोही घेऊन या. मुलांना चकती फिरवून पाहू द्या. ३६ फोटोंत काय काय घ्यायचं, हे ठरवण्याची मजा त्यांनाही कळू दे.