गाडीतला साक्षीदार

(मंडळाच्या मासिक सभेत केलेले भाषण)



मंडळात मी आजवर लोणच्याच्या बरण्या भरल्या, हळदीकुंकवाला रांगोळ्या काढल्या, पण चार माणसांत उभे राहून बोलण्याचा प्रसंग कधी आला नाही. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. त्यातून विषय मिळाला तो गाडीत बसवायच्या कॅमेऱ्याचा. "हा विषय पुरुषांचा," असे मी म्हणून पाहिले. त्यावर चिटणीसबाई म्हणाल्या, "गाडी पुरुषांची असेल, पण घरी वाट पाहत कोण बसतं?" यावर मजजवळ उत्तर नव्हते, म्हणून उभी राहिले आहे. चुकले तर सांभाळून घ्यावे.

आधी हा कॅमेरा आमच्या घरी का आला, ते सांगते.

२०२२ च्या नवरात्रातली गोष्ट. अंबडला मत्स्योदरीदेवीचे दर्शन घेऊन आम्ही रात्री जालन्याला परत निघालो होतो. गाडी हे चालवीत होते, मी शेजारी, मागे सासूबाई आणि धाकटी जाऊ. आमच्या पुढे एक मोटारसायकलवाला चालला होता. एवढ्यात मागून एक टेम्पो भरधाव आला, आम्हांला ओलांडून गेला, मोटारसायकलला धक्का दिला आणि न थांबता अंधारात नाहीसा झाला. टेम्पोची पाठ माझ्या डोळ्यांसमोर होती. तिच्यावर रंगवलेली कमळे मला अजून दिसतात. पण नंबर काही नजरेला सापडला नाही.

आम्ही त्या माणसाला गाडीत घालून दवाखान्यात नेले. तासाभरात त्याच्याकडची वीस-पंचवीस माणसे जमली. त्यांचा माणूस बेशुद्ध, आणि समोर गाडी एकच, आमची. "यांनीच उडवलं," असा गलका झाला. त्यांना तरी मी दोष कसा देऊ? त्यांच्या जागी आपण असतो तर आपणही तेच म्हटले असते. चार दिवस यांना जाबजबाबाला हेलपाटे घालावे लागले. घरात चूल पेटे, पण कुणाच्या घशाखाली घास उतरत नसे. पाचव्या दिवशी तो माणूस शुद्धीवर आला, आणि खरे काय ते त्यानेच सांगितले. देवीची कृपा.

आमची सुटका झाली, पण त्याची झाली नाही. तो मोंढ्यात हमाली करणारा. पाय वाचला, पण पोते उचलण्याजोगा राहिला नाही. प्रत्येक वाहनाचा विमा असावा असा कायदा आहे. टेम्पोचा नंबर मिळाला असता, तर दावा करून त्याचे वय, कमाई आणि अधूपण पाहून भरपाई मागता आली असती. वाहनच सापडले नाही, तर कायद्याने ठरलेली रक्कम तेवढी मिळते. १ एप्रिल २०२२ पासून ती मृत्यूला २ लाख आणि गंभीर दुखापतीला ५० हजार रुपये आहे. त्याची बायको एकदा आमच्या घरी आली होती. चहा घेता घेता म्हणाली, "ताई, तुम्ही तर पुढंच बसल्या होत्या ना? तुम्ही तर पाहिलं होतं ना?"

त्या माउलीच्या बोलण्यात राग नव्हता. पण तिच्या त्या प्रश्नानेच आमच्या घरी कॅमेरा आला.

याला डॅशकॅम म्हणतात. गाडी सुरू झाली की तो पुढच्या काचेतून रस्त्याचे चित्रण करू लागतो. कार्ड भरले की सर्वांत जुने चित्रण पुसून त्या जागी नवे घेतो. गाडीला जोराचा हिसका बसला, तर त्या वेळचे चित्रण कुलूप लावल्यासारखे अलग राखून ठेवतो. रशियात हे कॅमेरे फार. रस्त्यावरच्या खोट्या दाव्यांना कंटाळून लोकांनी ते बसवले. १५ फेब्रुवारी २०१३ रोजी तिकडे चेल्याबिन्स्क गावावर आकाशातून एक मोठी उल्का पेटत आली, तेव्हा ती कितीतरी गाड्यांच्या कॅमेऱ्यांत आपोआप टिपली गेली, आणि त्या चित्रांवरून शास्त्रज्ञांनी तिचा मार्ग काढला. आपल्या शेजारचे लोणारचे सरोवरही उल्केनेच झालेले, पण त्या वेळी बघायला कोण होते? साक्षीदार हजर असला म्हणजे काय होते, ते यावरून कळते.

आमचा पहिला कॅमेरा मात्र फसला. भाच्याने स्वस्तातला आणून काचेला चिकटवला, आणि आम्ही निर्धास्त झालो. एप्रिलमध्ये तो एकदा गळून पडला, आणि मे महिन्यात त्याची बॅटरी पुरीसारखी फुगली. मग दुसरा घेताना मी स्वतः दुकानात गेले. साडी घेताना आपण पदर उलटून पाहतो, तसे प्रश्न विचारले. ते प्रश्न तुम्हांला देते.

पहिला प्रश्न उन्हाचा. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४२ च्या वर जातो, आणि बंद गाडीत काचेजवळ त्याहून कितीतरी जास्त तापते. म्हणून बॅटरीचा कॅमेरा घेऊ नये, कपॅसिटरचा मागावा. तो उष्णता बऱ्यापैकी सोसतो. खोक्यावर किती अंश तापमानापर्यंत चालतो ते छापलेले असते, ते कुणाकडून तरी वाचून घ्यावे.

दुसरा प्रश्न नजरेचा. दुकानदार "फोर के, टू के" असे म्हणतो. याचा अर्थ चित्र किती बारीक ठिपक्यांचे आहे, एवढाच. साधे १०८० चे चित्र दिवसा जवळच्या गाडीपुरते ठीक. नंबर वाचायचा हेतू असेल, तर पुढच्या कॅमेऱ्याला निदान १४४० चे, म्हणजे टू के चे, घ्यावे. फार रुंद पाहणारा कॅमेरा चांगला, असेही समजू नये. रस्त्याच्या दोन्ही कडा दिसतात, पण मधली गाडी बारकी होते आणि नंबर मुंगीएवढा. १३० ते १४० अंशांची रुंदी पुरते.

तिसरा प्रश्न कार्डाचा. कॅमेऱ्याचे कार्ड रात्रंदिवस पुसून पुसून लिहिले जाते, त्यामुळे मोबाईलचे साधे कार्ड लवकर दगा देते. 'हाय एन्ड्युरन्स' असे लिहिलेले कार्ड मागावे. ६४ जीबीच्या कार्डात टू के चे साधारण ५-६ तासांचे चित्रण मावते. महिन्याकाठी ते कॅमेऱ्यातच फॉरमॅट करावे, आणि तारीख-वेळ बरोबर आहे ना, हे बघावे. चुकीच्या तारखेची साक्ष कोण मानणार?

पुढे एक आणि मागे एक असे दोन कॅमेरे असले तर उत्तम, कारण धक्का मागूनही बसतो. किंमत तीन-चार हजारांपासून पंधरा हजारांच्याही वर जाते. पैसे थोडे असतील, तर पुढचा एकच पण चांगला घ्यावा.

आता बसवण्याविषयी. जागा आरशाच्या मागे, चालकाच्या नजरेआड येणार नाही अशी असावी. वायपर जेवढी काच पुसतो, त्या भागातच कॅमेरा यावा, नाहीतर पावसाळ्यात नुसते थेंब दिसतात. काचेच्या वरच्या कडेला काळे ठिपके असतात, त्यांवर चिकटपट्टी धरत नाही. आमचा पहिला कॅमेरा त्यामुळेच पडला होता. काच स्पिरिटने पुसून, कोरडी करून पट्टी दाबावी आणि कॅमेरा लटकवण्याआधी ती एक दिवस तशीच राहू द्यावी. आपण गाडीत पुढे पांढरे कापड अंथरतो आणि त्यावर देवाची मूर्ती ठेवतो. त्याचे प्रतिबिंब काचेत पडते, आणि चित्रात रस्त्यावर गणपतीबाप्पा तरंगताना दिसतात! देव असू द्यावा, पण खाली काळे कापड घालावे.

वायर छताच्या अस्तरात दडवून बाजूच्या खांबावरून खाली आणतात. काही गाड्यांत त्या खांबात एअरबॅग असते. वायर तिच्या पुढून गेली, तर अपघातात तिला उघडण्यास अडथळा होतो. ती मागूनच गेली पाहिजे. म्हणून हे काम जाणत्या माणसाकडून, आणि आपण तिथे उभे राहून, करून घ्यावे. आम्ही चार्जरच्या खाचेतूनच वीज घेतली आहे. चावी बंद केली की कॅमेरा बंद. गाडी उभी असतानाही पहारा हवा असेल, तर फ्यूजच्या डब्यातून जोड घ्यावी लागते. तेव्हा मूळ वायर कापू देऊ नये, आणि गाडीची बॅटरी उतरू लागताच वीज तोडणारा जोड मागावा. नाहीतर सकाळी गाडीला धक्का मारायला आपणच.

हिसक्याची जाणीव कमी ठेवावी, हे आम्ही अनुभवाने शिकलो. ती जास्त ठेवली होती तेव्हा प्रत्येक खड्ड्याला अपघात समजून कॅमेऱ्याने चित्रण राखून ठेवले. घनसावंगीहून परत येईपर्यंत कार्ड जवळजवळ भरले होते.

सगळे झाले की त्याच रात्री परीक्षा घ्यावी. आम्ही गल्लीत शेजाऱ्यांची मोटारसायकल उभी केली, गाडीचे दिवे लावले आणि १०, २०, ३० फुटांवरून चित्रण करून पाहिले. हल्लीच्या नंबरपाट्या दिव्यात चकाकतात, त्यामुळे २० फुटांवर नुसता पांढरा चौकोन दिसू लागला. चित्राचा उजेड एक पायरी कमी केला, तेव्हा आकडे उमटले. त्या दिवशी मला कळले, की नुसता कॅमेरा लावला असता तर पुन्हा तसाच टेम्पो गेल्यावर हाती पांढरा चौकोनच आला असता.

आणि खरे सांगायचे, तर चांगला कॅमेराही रात्री धावत्या गाडीचा नंबर दर वेळी टिपतोच असे नाही. समृद्धी महामार्गावर मोटारींना ताशी १२० किलोमीटरची मर्यादा आहे. त्या वेगाने गाडी एका सेकंदात १०० फुटांहून पुढे जाते. तेव्हा कॅमेऱ्याचा कान उपयोगी पडतो. त्यात आवाजही साठतो. नंबर दिसला, की आपण तो मोठ्याने वाचायचा. आकडे हुकले, तर गाडीचा रंग, पाठीवर लिहिलेले, रंगवलेले, जे दिसेल ते बोलायचे.

या कानाची एक गंमतही आहे. पहिल्या आठवड्यात यांनी घरात सर्वांसमोर चित्रण लावले. रस्ता छान दिसत होता, आणि वर माझा आवाज, जाऊबाईंच्या भाजीविषयी! जाऊबाई तिथेच बसलेल्या. मी चहाच्या निमित्ताने उठले. यांनी लगेच आवाज बंद करून टाकला. पण पुढे विचार केला, की माझी जीभ सांभाळावी हे सोपे, कान बंद ठेवणे महाग पडेल. आता आवाज सुरू असतो, आणि दुसरे कुणी गाडीत बसले तर आधी सांगतो.

त्याच चित्रणात आणखी एक गोष्ट होती. हे गाडी चालवताना फोनवर बोलत होते, आणि एका वळणावर समोरून आलेली बैलगाडी थोडक्यात वाचली. मला ती आठवतही नव्हती. यांनी ते पुन्हा पुन्हा लावून पाहिले, कुणाशी काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून गाडीत बसले की फोन माझ्या पिशवीत. भगिनींनो, हे नीट ध्यानात घ्या. हा साक्षीदार आपला वकील नव्हे. चूक आपली असेल, तर तीही तो तितक्याच स्पष्टपणे सांगेल.

अपघात दिसला, तर आधी माणूस आणि मग कॅमेरा. रुग्णवाहिकेसाठी १०८, पोलिसांसाठी ११२. मदत करणाऱ्याला कायद्याचे संरक्षण आहे. २०२० साली तसे नियम झाले आहेत, आणि स्वतःचे नाव सांगण्याची सक्ती त्याच्यावर करता येत नाही. माणसाची सोय लागली, की कार्ड काढून पाकिटात ठेवावे, म्हणजे चित्रण पुसले जाणार नाही. त्यात काटछाट करू नये आणि ते व्हॉट्सॲपवर पसरवू नये. कुणाच्या तरी घरचे माणूस रस्त्यावर पडलेले असते, ते जगाने का पाहावे? पोलिसांना द्यावे. कोर्टात ते पुरावा म्हणून दाखल करताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे दाखला जोडतात. त्याचा एक भाग देणाऱ्याने आणि दुसरा जाणकाराने भरायचा असतो. हा कायदा १ जुलै २०२४ पासून लागू आहे.

माझी मंडळाला एक विनंती आहे. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी टेम्पो, रिक्षा, मोसंबी वाहणाऱ्या गाड्या आहेत. काहींत कॅमेरे लागलेही असतील. एका संध्याकाळी त्या सगळ्या मैदानात आणाव्यात, आणि कुणाच्या कॅमेऱ्यात किती फुटांवरून नंबर वाचता येतो, ते पाहावे.

आता प्रवासात मी पुढच्या गाड्यांचे नंबर मोठ्याने वाचत जाते. मुले हसतात. "आई पाढे म्हणायला लागली," म्हणतात. हसू देत. त्या बाईने विचारले तेव्हा मला मान खाली घालावी लागली होती. पुन्हा तशी वेळ आली, तर निदान आकडे तरी सांगता यावेत.