समोरचा संघ

(हडपसरमधील एका विद्यालयाच्या वार्षिक स्नेहसंमेलनातील प्रमुख पाहुण्यांचे भाषण)

मघापासून नऊवारी नेसून, फेटे बांधून विंगेत ताटकळत उभ्या असलेल्या मुला-मुलींनो,

माझ्यानंतर लगेच तुमचं कोळीनृत्य आहे, हे मला सूत्रसंचालन करणाऱ्या मुलीने दोनदा सांगितलंय. दुसऱ्यांदा जरा जोरातच सांगितलं. तेव्हा मी आवरतं घेईन, असं म्हणतो. पण मास्तर माणूस, माझ्या म्हणण्यावर फार विसंबू नका.

मुख्याध्यापिका बाईंनी फोनवर विषय दिला होता. म्हणाल्या, "सर, तुमची सगळी नोकरी पुणे कॅम्पातल्या मिशनच्या मुलांच्या शाळेत क्रीडाशिक्षक म्हणून झाली. त्या शाळांची पोरं खेळात एवढी पुढे का असतात, ते आमच्या मुलांना सांगा." मी हो म्हटलं. हडपसर गाडीतळावरून पीएमटीची बस पकडून रोज कॅम्पात जाणारा माणूस मी. दोन्हीकडची मैदानं पाहिलेली.

पहिलं उत्तर सगळ्यांना माहीत असतं. त्यांच्याकडे मैदान आहे, पैसा आहे, इंग्रजांच्या काळापासूनची घडी आहे. खोटं नाही ते. कॅम्पातली सेंट व्हिन्सेंट्स ही जेझुइट पाद्र्यांची शाळा १८६७ सालची. मुंबईत माझगावचं सेंट मेरीज १८६४चं, वांद्र्याचं सेंट स्टॅनिस्लॉस १८६३चं, धोबी तलावचं सेंट झेवियर्स १८६९चं. जागा स्वस्त होती तेव्हा यांनी घेऊन ठेवल्या. आज सोलापूर रस्त्याला कुणी शाळा काढायची म्हटली, तर मैदानाच्या भावात अख्खं गाव विकावं लागेल. पण मैदान असलं की खेळाडू होतात, हे मला पटत नाही. मैदान असूनही तिथे फक्त पालकांच्या गाड्या लागतात, अशा शाळा मी पाहिल्यात. आणि आपल्या खडकीला ऑर्डनन्स फॅक्टरीच्या वसाहतीत मोडक्या स्टिकने खेळलेला धनराज पिल्ले भारताचा कर्णधार झाला. त्याला कुठल्या मिशनने मैदान दिलं नव्हतं.

मग फरक कुठे? मला दोन गोष्टी दिसल्या. पहिली लवकर सांगून टाकतो, दुसरीवर जरा रेंगाळणार आहे.

पहिली गोष्ट वेळापत्रकाची. आपल्याकडे गणिताचा भाग राहिला की सर म्हणतात, आज पीटीचा तास मी घेतो. हसताय ना? म्हणजे इथेही होतं. मी ज्या शाळेत होतो तिथे हे चालायचं नाही. उलट झग्यातले फादर संध्याकाळी स्वतः मैदानावर यायचे. एक वयस्क फादर तर झगा गुडघ्यापर्यंत खोचून गोलात उभे राहायचे आणि पाचवीच्या पोरांकडून गोल खायचे. यामागे त्या लोकांचा जुना विचार आहे. सेलेशियन पाद्र्यांचा संस्थापक जॉन बॉस्को, ज्याच्या नावाने डॉन बॉस्को शाळा आहेत, तो इटलीतल्या खेड्यातला गरीब शेतकऱ्याचा पोर. लहानपणी तो झाडाला दोर बांधून त्यावरून डोंबाऱ्यासारखा चालायचा, कोलांट्या मारायचा. बघायला गावची पोरं जमायची. तिकीट एकच, आधी सगळ्यांनी मिळून प्रार्थना म्हणायची आणि चर्चमधलं प्रवचन ऐकून घ्यायचं. पुढे त्याने शिक्षणाची जी पद्धत घालून दिली, तिच्यात मुलं खेळत असताना शिक्षकाने त्यांच्यात असायचं, हा नियमच होता. आपल्याकडे मधल्या सुट्टीत शिक्षक कुठे असतात, ते मी विचारत नाही. चहा मलाही लागायचा.

आता दुसरी गोष्ट.

फेब्रुवारी १९८८. मुंबईचं आझाद मैदान, शालेय क्रिकेटमधल्या हॅरिस शील्डचा उपांत्य सामना. शारदाश्रम शाळेच्या दोन पोरांनी नाबाद ६६४ धावांची भागी केली. सचिन तेंडुलकर नाबाद ३२६, विनोद कांबळी नाबाद ३४९. हे तुम्हाला पाठ आहे, सातवीच्या मुलालाही विचारलं तर सांगेल. डाव घोषित करा म्हणून बाहेरून खुणा होत होत्या आणि हे दोघे तिकडे बघतच नव्हते, हेही सगळ्यांना माहीत आहे. आता मला सांगा, समोर कोणती शाळा होती?

बघा. कुणीच नाही.

समोर सेंट झेवियर्स होतं. मुलांची कॅथलिक शाळा, जेझुइटांची. जिचा सुनील गावसकर १९६६ साली भारतातला सर्वोत्तम शालेय क्रिकेटपटू ठरला होता, ती शाळा. शारदाश्रमने ७४८ धावा केल्या, दोन गडी गमावून. म्हणजे ती अकरा पोरं उन्हात चेंडूमागे पळत राहिली. त्यांच्यात पंधरा वर्षांचा एक लेगस्पिनर होता. त्याने २७ षटकं टाकली, १८२ धावा दिल्या, बळी एकही नाही. एखादा पोरगा त्या रात्री घरी जाऊन म्हणाला असता, आई, उद्यापासून मी क्लासला जातो.

त्या मुलाचं नाव साईराज बहुतुले. दोन वर्षांनी, १९९० साली, मोटार अपघातात त्याचा पाय असा मोडला की आत सळई घालावी लागली. तरी तो मुंबईकडून खेळला, आपल्या महाराष्ट्राकडूनही खेळला. २००१ साली भारताकडून दोन कसोटी सामने खेळला. प्रथम श्रेणीत सहाशेच्या वर बळी घेतले. कसोटीपटू म्हणून दोन सामने म्हणजे काही मोठी कारकीर्द नाही, हे कबूल. पण १८२ धावांनंतर पुन्हा चेंडू हातात घ्यायचा, त्याला मी मोठं मानतो. पोरगा तसा होताच, यात शंका नाही. पण त्याच्या हातात पुन्हा चेंडू देणारंही कुणीतरी असावं लागतं.

हीच दुसरी गोष्ट, जिच्यासाठी मी आलोय. या शाळांचा खेळ जिंकणाऱ्यांवर चालत नाही. हरून आलेल्या संघाशी शाळा कशी वागते, त्यावर चालतो. तिथे सामना संपला की हरलेला कप्तान आपल्या पोरांना गोळा करतो आणि जिंकलेल्यांच्या नावाने हिप हिप हुर्रे म्हणायला लावतो. डोळ्यात पाणी असलं तरी म्हणायचं. मी नवीन नोकरीला लागलो तेव्हा मला हा साहेबी चाळा वाटायचा. पुढे कळलं, त्या तीन आरोळ्या दिल्या की पोराला सोमवारी शाळेत तोंड दाखवता येतं. हरणं तिथल्या तिथे संपतं. घरापर्यंत न्यावं लागत नाही.

दुसरं उदाहरण घ्या. १९७६ची जाइल्स शील्ड या शालेय क्रिकेट स्पर्धेची अंतिम लढत. माटुंग्याचं डॉन बॉस्को विरुद्ध सेंट मेरीज, दोन्ही मिशनच्याच शाळा. डॉन बॉस्को हरलं. त्या शाळेचं क्रिकेटमध्ये तोवर फारसं नाव नव्हतं, पुन्हा कशाला एवढा खर्च, असं म्हणायला जागा होती. पण बी. डी. देसाई नावाचे प्रशिक्षक होते, ते पोरांना घेऊन पुन्हा नेटमध्ये उभे राहिले. १९७७ साली डॉन बॉस्कोने ती शील्ड इतिहासात पहिल्यांदा जिंकली. कप्तान कोण? रवी शास्त्री. आज टीव्हीवर त्याचा आवाज ऐकून कुणाला वाटणार नाही, पण हा माणूस शाळेत असताना अंतिम सामना हरलेल्या संघातला आहे.

आता एक लांबचं उदाहरण. अमेरिकेत कॅलिफोर्नियात कॉन्कॉर्ड नावाचं गाव आहे. तिथे ख्रिश्चन ब्रदर्स या कॅथलिक संस्थेने १९६५ साली मुलांची शाळा काढली, डे ला साल हायस्कूल. कॉलेजची तयारी करून घेणारी, अभ्यासात कडक. तिकडच्या फुटबॉलमध्ये, म्हणजे तो हेल्मेट घालून खेळतात तो, या शाळेचा संघ पहिली कित्येक वर्षं हरतच होता. १९७९ साली बॉब लाडूसर नावाचे प्रशिक्षक आले. १९९२ ते २००४ या काळात ही शाळा सलग १५१ सामने जिंकली. एकशे एक्कावन्न! त्यावर सिनेमाही निघाला. मी त्या गावाला गेलेलो नाही, पण त्यांच्या एका रिवाजाबद्दल वाचलं आणि जागेवर उठून बसलो. सामन्याच्या आदल्या दिवशी प्रत्येक खेळाडू एका कार्डावर लिहितो, मी सरावात काय करीन, सामन्यात काय करीन. ते कार्ड तो सरांना देत नाही, संघातल्या दुसऱ्या मुलाच्या हातात देतो, सगळ्यांसमोर वाचून. म्हणजे जाब विचारायला शिक्षक नाही, जोडीदार.

आणि सप्टेंबर २००४ मध्ये बेलव्ह्यू नावाच्या शाळेने त्यांना ३९–२० हरवलं. पंधरा-सोळा वर्षांच्या त्या पोरांना हरायचं कसं, ते ठाऊकच नव्हतं, कारण ती तीन-चार वर्षांची होती तेव्हापासून शाळा जिंकत होती. मला त्या १५१ विजयांपेक्षा त्यानंतरच्या सोमवारच्या सरावाला किती पोरं आली, हे जाणून घ्यायला जास्त आवडेल. शाळा अजून खेळते आहे, त्यावरून अंदाज बांधावा.

आता आपल्याकडे या. जानेवारी २०१६, कल्याण. प्रणव धनावडेने एका डावात नाबाद १००९ धावा केल्या. रिक्षाचालकाचा मुलगा, जगात कुणी केला नव्हता तो पराक्रम, त्याचं कौतुक व्हायलाच हवं. त्याच्या संघाने १४६५ धावा केल्या. समोरची शाळा एकदा ३१ आणि एकदा ५२ धावांत आटोपली. का? त्या वेळी वर्तमानपत्रांत आलं होतं, की त्यांची मोठी मुलं दहावीच्या परीक्षेमुळे आली नव्हती आणि सहावी-सातवीतली पोरं मैदानात उतरवली होती. मी शाळेचं नाव घेत नाही, कारण हे कुठल्याही शाळेत होऊ शकतं. तेही परीक्षेच्या तोंडावर नाही, ऑगस्टमध्येच होतं. दहावी सुरू झाली की पोराची बॅट माळ्यावर जाते. आई म्हणते, वर्षभराचा तर प्रश्न आहे. पालकहो, वर्षभराचा नसतो हो तो. माळ्यावर गेलेली बॅट खाली आलेली मी क्वचित पाहिली. बोर्ड क्रीडा सवलतीचे गुण देतं, तेव्हा मात्र तेच पालक प्रमाणपत्राची झेरॉक्स घेऊन माझ्याकडे रांगेत उभे असायचे.

उलट बाजूने वांद्र्याचं स्टॅनिस्लॉस पाहा. तिथल्या हॉकीत वाढलेला विरेन रस्किन्हा २००४च्या अथेन्स ऑलिम्पिकला भारताकडून खेळला. अभ्यासात मागे पडला का? पुढे तो हैदराबादला इंडियन स्कूल ऑफ बिझनेसमध्ये शिकला आणि आज खेळाडूंना ऑलिम्पिकसाठी मदत करणारी संस्था चालवतो. अभ्यास की खेळ, हा प्रश्न त्या शाळांत कुणी विचारत नाही, कारण साडेतीन वाजता घंटा होते आणि पोरं बूट बांधायला लागतात.

एक गोष्ट मात्र मला त्या शाळांची कधी आवडली नाही, तीही सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल मास्तर मिशनची जाहिरात करून गेले. त्या मुलांच्या शाळा. शाळेच्या भिंतीपलीकडे असलेली निम्मी मुलं, म्हणजे मुली, त्या मैदानावर नव्हत्या. आत्ता बक्षीस घेऊन गेलेल्या तुमच्या कबड्डीच्या मुलींकडे पाहिलं आणि वाटलं, या पोरी आमच्या मैदानावर असत्या, तर आमच्या आठवीच्या पोरांची मिजास आठवड्यात उतरली असती.

मी बक्षिसांची यादी मघाशी वाचली. प्रथम, द्वितीय, उत्तेजनार्थ, सगळं रीतसर. मुलांचा कबड्डीचा संघ विभागीय स्पर्धेच्या पहिल्याच फेरीत बाद झाला, असं मला चहा घेताना एका सरांनी हळूच सांगितलं. हळूच का सांगितलं, कळलं नाही. त्या संघातली पोरं कुठे बसलीत? हात वर करा बघू. अरे, वर करा ना. हां, ते मागे, खांबाजवळ. कितीने हरलात? एकवीस गुणांनी? बरं.

बाई, माझी एक विनंती आहे, पाहुण्याचा हट्ट समजा. ज्या शाळेने यांना हरवलं, त्यांना फेब्रुवारीत इथे खेळायला बोलवा. मैत्रीचा सामना, इथल्याच मैदानावर, त्या दिवशी गाड्या बाहेर लावून. फक्कीने रेषा आखायला आठवीची मुलं घ्या, दोन्ही संघांना मिसळ-पाव संस्थेने द्यावा, आणि पीटीचा तास गणिताच्या सरांनी त्या महिन्यात मागू नये. हे एकवीस गुणांनी हरलेले सातही जण खेळतील, कुणाला बदलायचं नाही. पंच म्हणून मी येतो, शिट्टी माझी माझ्याकडे आहे. तारीख मात्र तुम्ही आत्ता या माईकवरूनच सांगा, म्हणजे ही पोरं उद्यापासून सरावाला लागतील. आणि मग ते कोळीनृत्य सुरू करू द्या, ती मुलगी माझ्याकडे केव्हाची डोळे वटारून बघते आहे.