शाळेचा हिशेब कोणीं घ्यावयाचा?

(पालकांच्या मेळाव्यांत केलेलें भाषण)



पेरणी उरकून, भाता, चाक आणि माग घटकाभर बाजूला ठेवून आपण येथें जमलां आहां, ह्याबद्दल आम्ही आपले आभारी आहों. आमचा धंदा शिकविण्याचा; परंतु आज आम्ही शिकविण्यास उभे नाहीं, हिशेब देण्यास उभे आहों.

बाजारांत बैल घेतांना आपण त्याचे दांत पाहतां, त्याला चालवून पाहतां. लोहार कुऱ्हाडीला पाणी देतो, तेव्हां धार तपासल्याखेरीज ती गिऱ्हाइकाच्या हातीं देत नाहीं. गाडगें घेणारी बाई तें वाजवून घेते. पण ज्या पोराच्या जिवावर उद्यांचें घर उभें राहावयाचें, तें पोर चार वर्षें शाळेंत बसून काय घेऊन आलें, हें मात्र कोणी वाजवून पाहत नाहीं. ‘गुरुजींना ठाऊक’ म्हणून आपण मोकळे होतां, आणि ‘वरच्यांना ठाऊक’ म्हणून आम्ही मोकळे होतों. ह्या दोन ‘ठाऊकां’च्या मध्यें पोर बुडतें.

म्हणून आज तीनच प्रश्न घेऊं. जिल्ह्याच्या शाळांत पैसा कोणाचा? त्यांच्यावर सत्ता कोणाची? आणि त्या पैशाचें व सत्तेचें पोराच्या पदरांत काय पडतें?

पैशापासून प्रारंभ करूं. इंग्रज सरकारनें १८६० नंतरच्या दशकांत मुंबई इलाख्यांत जमीनमहसुलाच्या दर रुपयामागें एक आणा लोकल फंड बसविला, आणि त्याचा तिसरा हिस्सा शाळांसाठीं ठेवला. म्हणजे पैसा निघाला कुणब्याच्या नांगराच्या तासांतून. पण त्या शाळांत बसलें कोण? जोतीराव फुले ह्यांनीं १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें हेंच गाऱ्हाणें मांडलें. सरकारचा महसूल रयतेच्या घामांतून येतो आणि शिक्षणाचा खर्च मात्र वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणाकडे वळतो, असें त्यांचें म्हणणें होतें. निदान बारा वर्षांच्या वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचें करा, ही त्यांची मागणी होती. कोल्हापुरांत शाहू छत्रपतींनीं १९१७ सालीं आपल्या संस्थानांत तें मोफत व सक्तीचें केलें, आणि मुलास शाळेंत न धाडणाऱ्या पालकास दरमहा एक रुपया दंड ठेवला. देशाच्या पातळीवर हा हक्क कायद्यानें अमलांत आला, तो १ एप्रिल २०१० पासून. १८८२ पासून मोजा, १२८ वर्षें झालीं!

तो आणा आतां गेला, पण पैसा अजून आपलाच आहे. दुकानांत साबणाची वडी घेणारी मजूर बाईसुद्धां त्या वडीवरचा कर भरते. म्हणून सरकारी शाळा ही फुकटची शाळा, हें म्हणणें आजपासून टाकून द्या. तिचा दाम आपण आगाऊ मोजलेला आहे.

हा पैसा जातो कोठें? त्याचा मोठा हिस्सा आमच्या पगारांत जातो. तो राज्याच्या तिजोरींतून जिल्हा परिषदेमार्फत येतो. म्हणजे आमच्या ताटांतली भाकरी आपल्या घरची आहे, हें आम्हीं विसरूं नये आणि आपणही विसरूं नये. त्याशिवाय खडू, दुरुस्ती, वीज, पाणी, झाडू ह्यांसाठीं समग्र शिक्षा योजनेंतून दरसाल संयुक्त शाळा अनुदान असतें. त्यांत शंभरांत ६० केंद्राचे व ४० राज्याचे. ३० मुलांपर्यंतच्या शाळेस १०,००० रुपये, १०० मुलांपर्यंत २५,०००, २५० पर्यंत ५०,०००, १,००० पर्यंत ७५,००० आणि त्यापुढें १ लाख, असें त्याचें माप आहे. त्यांतला निदान दहावा हिस्सा स्वच्छतेवर खर्चावयाचा असतो.

आतां हिशेब करूं. १०० मुलांच्या शाळेस २५,००० म्हणजे मुलामागें वर्षाला २५० रुपये. महिन्याला २१ रुपयेसुद्धां होत नाहींत! एवढ्यांतच गळकें छप्पर झांकावयाचें आणि विजेचें बिलही भरावयाचें. हा पैसा थोडा आहे, असें आम्ही म्हणतों. परंतु अधिक मागावयाचें तर आलेला पैसा कोठें गेला, हें आधीं आपल्यास ठाऊक पाहिजे. जो जुना हिशेब मागत नाहीं, त्याची नवी मागणी कोण ऐकतो?

आतां सत्ता. १९२३ च्या प्राथमिक शिक्षणाच्या कायद्यानें शाळांचा कारभार लोकलबोर्डांच्या हातीं आला. १९४७ च्या कायद्यानें जिल्हा स्कूलबोर्डांची व्यवस्था झाली. १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा आल्या. जिल्हा परिषदेची शिक्षण समिति, मुख्य कार्यकारी अधिकारी, शिक्षणाधिकारी, तालुक्यास गटशिक्षणाधिकारी, त्याखालीं विस्तार अधिकारी व केंद्रप्रमुख, अशी ही लांब शिडी आहे. तिच्या वरच्या टोकाला आपण निवडून दिलेला माणूस असावा, ही मूळ योजना. परंतु २०२२ सालीं बहुतेक जिल्हा परिषदांची मुदत संपली, निवडणुका कित्येक वर्षें लांबल्या आणि कारभार प्रशासकांच्या हातीं राहिला. त्या काळांत शाळेची भिंत पडली तर गाऱ्हाणें न्यावयास निवडून दिलेला सदस्यच जागेवर नव्हता.

पण ह्या शिडीची एक पायरी जमिनीवर टेकलेली आहे, आणि ती जिल्ह्याच्या कोणत्याही निवडणुकीवांचून अडत नाहीं. ती म्हणजे शाळा व्यवस्थापन समिति. २००९ च्या कायद्याप्रमाणें तिच्यांत शंभरांत ७५ सभासद पालक असावे लागतात आणि निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. आपल्या राज्यांत तिचा अध्यक्ष पालकांतूनच होतो, आणि मुख्याध्यापक हा तिचा सचिव. शाळेच्या कामावर देखरेख ठेवणें, शाळेचा विकास आराखडा करणें आणि अनुदान कसें खर्चलें तें पाहणें, हीं तिचीं कामें कायद्यांतच लिहिलेलीं आहेत. कुलकर्ण्याचें दप्तर आपल्या आजोबा-पणजोबांस कधीं उघडून पाहावयास मिळालें नाहीं. शाळेचें दप्तर आपल्यापुढें उघडावयाचें आहे, आणि तें उघडा म्हणण्याचा हक्क आपला आहे.

येथें आमचा दोष सांगितला पाहिजे. एका गांवीं नोकरीस असतांना आमच्या शाळेंत समितीची सभा भरत नसे. महिनाअखेर एक मुलगा वही घेऊन घरोघर जाई. लोक शेतांत, बाया कामांत. ‘गुरुजींनीं पाठविली’ म्हटलें कीं सही किंवा अंगठा मिळे. वर ‘सर्वानुमतें मंजूर’ हे शब्द आमच्याच अक्षरांत लिहिलेले असत. पैसा कोणीं खाल्ला नव्हता. पण एके दिवशीं एका सुताराच्या घरची बाई शाळेंत आली आणि म्हणाली, “गुरुजी, मी कशाकशाला हो म्हटलंय, ते एकदा वाचून दाखवा की.” आम्हांस उत्तर सुचेना. जोतीरावांचें नांव घेणाऱ्या आम्हींच, वाचतां न येणाऱ्याच्या अंगठ्यावर आपली लेखणी चालविली होती. जुन्या दप्तरवाल्यांस आम्ही नांवें ठेवीत होतों, आणि करीत तेंच होतों. त्या दिवसापासून आम्हीं वही फिरविणें बंद केलें. सभा भरेल तरच ठराव, आणि लिहिलेला ठराव मोठ्यानें वाचून दाखविल्यावरच सही. पहिल्या सभेस चारच माणसें आलीं. पण चौघांसही काय ठरलें तें ठाऊक होतें.

आतां तिसरा प्रश्न, आणि तोच खरा. पोराच्या पदरांत काय पडतें? ‘प्रथम’ ही संस्था खेड्यांतून घरोघर जाऊन ‘असर’ नांवाची पाहणी करते. २०२४ च्या पाहणींत, देशाच्या ग्रामीण भागांतील सरकारी शाळांत पांचवींत शिकणाऱ्या १०० मुलांपैकीं सुमारें ४५ मुलांस दुसरीच्या पुस्तकाचा मजकूर वाचतां आला. २०२२ सालीं हा आकडा ३८ च्या पुढेंमागें होता. म्हणजे मेहनत केली तर सुधारणा होते. तरीही अर्ध्याहून अधिक मुलें वर्गानें पांचवींत आणि वाचनानें दुसरीच्याही खालीं राहिलीं. खासगी शाळांत तरी सर्व आबादीआबाद आहे काय? त्याच पाहणींत तेथील पांचवीचीं शंभरांत सुमारें ४० मुलेंही ह्याच मजकुराशीं अडलीं. फी भरली म्हणजे वाचन येतें, असें नाहीं.

आपण म्हणाल, आम्हांसच वाचतां येत नाहीं, आम्ही काय परीक्षा घेणार? आम्ही सांगतों, घेतां येते. रात्रीं जेवणें झाल्यावर पोराच्या हातीं दुसरीचें पुस्तक द्या आणि मोठ्यानें वाचावयास सांगा. तें अडखळत, अक्षर लावीत वाचतें कीं बोलल्यासारखें वाचतें, हें न शिकलेल्या आईच्या कानांसही कळतें. मग पुस्तक मिटून, काय वाचलेंस तें सांग, म्हणा. आणि बाजाराचा हिशेब घाला: ७२ रुपये नेले, ४८ खर्चले, उरले किती? उत्तर आपल्यास तोंडींच येतें. पोरास न आलें तर त्याला मारूं नका. दुसऱ्या दिवशीं आमच्याकडे या आणि विचारा, “गुरुजी, हें अजून कां आलें नाहीं?”

आणि गुरुजी वर्गांत किती दिवस होते, हेंही विचारा. निवडणूक आणि जनगणना हीं कामें कायद्यानेंच आमच्याकडे आहेत. शिवाय माहिती भरण्याचीं कामें संपतां संपत नाहींत. आमचा आळस असेल तेथें आम्हांस बोल लावा. पण आम्हांस वर्गाबाहेर ओढलें जात असेल, तर तसा ठराव करून वर पाठवा. एकट्या मास्तराची तक्रार म्हणजे कामचुकारपणा ठरतो; पालकांचा ठराव दप्तरांत राहतो.

हें आतांच कां सांगतों? राज्याच्या शिक्षण खात्याच्या २०२३ च्या मोजणींत २० पेक्षां कमी पटाच्या शाळा १४,७८३ भरल्या, आणि त्यांत १,८५,४६७ मुलें शिकत होतीं. अशा शाळा एकत्र करून समूह शाळा कराव्या, असा विचार खात्यानें त्याच वर्षीं पुढें आणला. मोठ्या शाळेंत मुलांस सोबती आणि अधिक शिक्षक मिळतील, हें म्हणणें अगदींच खोटें नाहीं. पण पहिली ते पांचवीची शाळा घरापासून एक किलोमीटरच्या आंत असावी, असें नियमच सांगतो. ओढ्यापलीकडच्या वस्तीवरची सात वर्षांची पोर, पावसांत गाडी आली नाहीं तर काय करील? घरीं राहील. आणि एकदां घरीं राहिलेल्या मुलीच्या कडेवर धाकटें भावंड येतें. मग तिची शाळा कायमची सुटते.

पट कां घटतो, हेंही उघड बोलूं. शाळेंत पोरास वाचतां येत नाहीं, म्हणून आपण कर्ज काढून त्याला फीच्या शाळेंत घालतां. पट घटला कीं शिक्षक घटतो, शिक्षक घटला कीं शिकविणें घटतें, आणि उरलेलींही मुलें जातात. मागें राहतात तीं ज्यांच्या बापाला कर्जही मिळत नाहीं अशांचीं. शेवटीं शाळा बंद झाली, तर ती त्यांचीच बंद होते.

तेव्हां आमची विनंती एवढीच. समितीची सभा दरमहा भरली पाहिजे. तेथें चार गोष्टी विचारा. यंदा अनुदान किती आलें? कशावर गेलें? शिक्षक किती दिवस वर्गांत होते? आणि प्रत्येक वर्गांत नीट वाचणारीं मुलें किती? उत्तर मोठ्यानें वाचून घ्या, मगच सही करा. बायांनो, आपली जागा कायद्यानें निम्मी आहे. ती नवऱ्याकडून भरून काढूं नका, स्वतः या.

पुढची सभा येत्या शनिवारीं दिवेलागणीला शाळेच्या ओसरीवर आहे. वही तेथेंच असेल, आणि ती कोणाच्याही घरीं येणार नाहीं.